ठिपक्यासमोर ठिपका

जुन्या ॲम्बॅसडरचं इंजिन पुढून उघडलं की पत्र्याच्या झाकणामागे एक दुपदरी साखळी आणि तिच्यात अडकलेली दोन दातेरी चाकं दिसतात. एक लहान, ते क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं. दुसरं बरोब्बर दुप्पट दातांचं, ते कॅमचं, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचं. दोन्हींच्या अंगावर पंच मारून उठवलेला एकेक ठिपका असतो. दोन्ही ठिपके एकमेकांकडे तोंड करून, चाकांचे मध्य जोडणाऱ्या सरळ रेषेत आले की टायमिंग लागलं. मिस्त्री पोलादी पट्टी आडवी धरून खात्री करतो, झाकण लावतो आणि पुढच्या कामाला लागतो. ठिपका चुकला तरच त्याची आठवण निघते. इंजिन फटफटतं, ओढ जाते, सायलेन्सरमधून बार निघतात किंवा गाडी चालूच होत नाही.

इतक्या महत्त्वाच्या या खुणेचा जन्म मात्र बराच उशिराचा. वाफेची इंजिनं आली, गाजली, कारखाने आणि रेल्वे चालवू लागली, तरी पेट्रोलच्या मोटारी रस्त्यावर येईपर्यंत अशा ठिपक्याची निकड कुणाला फारशी भासली नाही. ती का भासली नाही आणि मग एकदम का भासली, इथेच त्याची कुळकथा आहे. थोडक्यात सांगायचं तर झडपा उघडणारा कॅम क्रँकपासून जसजसा लांब गेला आणि इंजिन खोलणारा माणूस ते बनवणाऱ्यापासून जसजसा लांब गेला, तसतशा खुणा वाढत गेल्या.

थॉमस न्यूकोमेनचं पहिलं यशस्वी इंजिन १७१२ साली इंग्लंडात डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर उभं राहिलं. मिनिटाला साधारण बारा ठोके. वाफ आत सोडायची, ती थंड करायला पाण्याचा फवारा मारायचा, पुन्हा वाफ. हे झडपांचं काम एक पोरगा हातानं करायचा आणि कंटाळून त्याने दोऱ्या बांधून ते तुळईवरच सोपवलं, अशी हंफ्री पॉटर नावाच्या मुलाची गोष्ट सांगतात. इतिहासकारांना ती पटत नाही, आणि मलाही ती जरा जास्तच गोड वाटते. पण गोष्ट सोडली तरी यंत्र खरं होतं: तुळईला लोंबणारा एक उभा दांडा, त्यावर खुंट्या, आणि दांडा खालीवर होताना त्या खुंट्यांनी ढकलले जाणारे झडपांचे हात. हेन्री बाइटनने १७१८च्या सुमारास ही रचना आणखी नीटस केली. खुंटी पुढेमागे सरकवली की झडपेची वेळ बदलायची. चूक झाली तर डोळ्यांसमोर दिसायची आणि तिथल्या तिथे सुधारायची. सगळंच उघड्यावर चाललेलं. मग खूण कोणासाठी करायची?

कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, हा तर त्याहून कितीतरी जुना. अल्-जझारीने १२०६ साली पुऱ्या केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात तो आहे; पाणचक्कीवर चालणारे घण उचलायला चीनमध्ये आणि मग युरोपात तो शतकानुशतकं राबला. पण घण उचलणाऱ्या कॅमला कुणाची वेळ पाळायची नव्हती. घण उचलायचा आणि सोडायचा, एवढंच.

भानगड सुरू झाली १८७६ साली. निकोलाउस ऑटोने डॉइट्झच्या कारखान्यात चार ठोक्यांचं इंजिन चालवून दाखवलं. पहिल्या ठोक्यात मिश्रण आत ओढायचं, दुसऱ्यात दाबायचं, तिसऱ्यात पेटवायचं, चौथ्यात धूर बाहेर टाकायचा. या चार ठोक्यांत क्रँकच्या होतात दोन फेऱ्या, आणि प्रत्येक झडप उघडते मात्र एकदाच. म्हणून झडपा उघडणारा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगानेच फिरला पाहिजे. इथे एक अडचण लपलेली आहे, आणि टायमिंगचा निम्मा गोंधळ तिच्यातूनच निघतो. दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा अगदी वर येतो: एकदा दाब संपताना, एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. नुसत्या क्रँककडे बघून यातलं कुठलं ‘वर’ आहे ते कळायला काहीच मार्ग नाही. ते फक्त कॅमला ठाऊक.

ऑटोच्या इंजिनाला हे ओझं वाटलं नाही. बाजूने जाणारा एक लांब दांडा, क्रँकला शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांनी जोडलेला. सगळं उघडं, सावकाश फिरणारं, आणि जोडणारे कारागीर कारखान्याचे. डाइमलर आणि मायबाख यांनी तर सुरुवातीला दुसरं चाकच टाळलं. त्यांच्या १८८०च्या दशकातल्या इंजिनात क्रँकबरोबर फिरणाऱ्या चकतीवर एक वळणदार खाच कोरलेली असे. ती स्वतःलाच छेद देत दोन वेढे घेऊन पुन्हा मूळ जागी यायची. तिच्यातून सरकणारी गोटी एका फेरीत आतल्या वेढ्यात, दुसऱ्या फेरीत बाहेरच्या. म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदा धुराची झडप ढकलली जायची. दोन फेऱ्यांचा हिशेब एकाच चकतीवर. जुळवायला दुसरं काही नाही, म्हणून चुकायलाही काही नाही. आणि आत घेणारी झडप? तिला कुणी उघडतच नसे. पिस्टन खाली जाताना होणाऱ्या ओढीने ती हलक्या स्प्रिंगविरुद्ध आपोआप उघडायची.

ही आपोआप उघडणारी झडप इंजिनाच्या वेगाला लगाम घालत होती. ओढ पुरेशी होईपर्यंत ती उघडायची नाही, आणि वेग वाढला की फडफडायची. १९०१ साली मायबाखने घडवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझमध्ये आत घेणाऱ्या झडपाही कॅमने उघडायला लागल्या. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन कॅमचे दांडे. आता दोन्ही बाजूंची वेळ क्रँकशी बांधलेली, आणि ती बांधणारी दातेरी चाकं वेगवेगळी, काढता-घालता येणारी. एक दात इकडचा तिकडे झाला तरी चाकं बिनतक्रार बसतात, सगळं झाकणाआड जातं आणि चूक बाहेरून दिसत नाही. इथून पुढे खूण करणं भाग पडलं.

सुरुवातीच्या बऱ्याच खुणा चाकांवर नव्हत्या, फ्लायव्हीलवर होत्या. तिच्या काठावर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर कधी येतो, झडप कुठे उघडते, कुठे मिटते याच्या रेघा कोरलेल्या असत. फिटर क्रँक फिरवून रेघ जुळवायचा, झडपेखाली पातळ पत्ती घालून ती नेमकी कधी उचलते ते बघायचा आणि मग कॅमचं चाक बसवायचा. कामगार कसलेला असेल तर उत्तम पद्धत. पण ती अवघड, आणि वेळ खाणारी. दोन चाकांच्या दातांवरच ठिपके मारून ‘हा दात या दोन दातांच्या मध्ये’ असं सांगण्याची युक्ती घड्याळजींना ठाऊक होती. टोले देणाऱ्या घड्याळांच्या चाकांवर असे बारीक ठिपके सापडतात. मोटारींनी ती उचलली तेव्हा काम सोपं झालं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते कुणालाही जमू लागलं.

या ‘कुणालाही’चं उदाहरण म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून जास्त गाड्या निघाल्या, आणि त्यातल्या किती तरी अमेरिकेतल्या शेतांवर, जिथे जवळपास गॅरेज नाही तिथे गेल्या. दुरुस्ती करणार कोण, तर शेतकरी आणि गावचा लोहार. कॅमच्या मोठ्या चाकावर शून्याची खूण; लहान चाकाचा खुणेचा दात त्या खुणेपाशी शिरला की झालं. झडपा अंशांत मोजायच्या नाहीत, फ्लायव्हील वाचायची नाही. डेट्रॉइटमधल्या माणसाने जन्मात न भेटणाऱ्या माणसासाठी ठेवलेला हा निरोप, आणि तो वाचायला इंग्रजीसुद्धा यायला नको.

दाताला दात भिडतो तिथेच ठिपक्याला ठिपका भिडतो, ही चाकांच्या टायमिंगची सोय. आपल्याकडे हिची शाळा म्हणजे बुलेट. १९५५पासून मद्रासला बनू लागलेल्या या गाडीचं उजवीकडचं झाकण काढलं की क्रँकचं चाक आणि दोन कॅमची दोन चाकं समोर दिसतात. ठिपक्याला ठिपका, रेघेला रेघ. कॅम क्रँकच्या अगदी शेजारी, तिथून वर झडपांपर्यंत पुशरॉड. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलं, पिस्टन काढला, तरी टायमिंगला धक्का लागत नाही.

पण चाकं आवाज करतात. महागड्या गाड्यांना तो गुरगुराट नको होता, म्हणून साखळी आली. मूळचा स्वित्झर्लंडचा आणि मँचेस्टरला स्थायिक झालेला हान्स रेनोल्ड याने १८८० साली बुश असलेल्या रोलर साखळीचं पेटंट घेतलं होतं. सायकलींना तिचा मोठा आधार झाला. १८९५ साली त्याने उलट्या दातांची, जवळजवळ मुकी चालणारी साखळीही काढली. साखळीने आवाज गेला पण खुणेचं काम अवघड झालं. चाकं आता एकमेकांना शिवतच नाहीत, म्हणून ठिपके मधल्या मोकळ्या जागेवरून समोरासमोर आणायचे. शिवाय साखळीला एक ओढीची आणि एक सैल बाजू असते. ओढीची बाजू ताठ न ठेवता ठिपके जुळवले, तर साखळी ताणून धरणाऱ्या टेन्शनरने सैलपणा खाल्ला की कॅम थोडा फिरतो आणि जुळलेली खूण सरकते. पट्टी लावून खात्री केलेली असूनही टायमिंग चुकलेलं निघतं, ते अशा वेळी.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या, पुढे पद्मिनी झालेल्या फियाटचीही चाल अशीच: कॅम खाली, छोटी साखळी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या दोन पिढ्या या टायमिंगवर पोसल्या गेल्या. पुण्याच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या चेतक स्कूटरला तर कॅमच नव्हता, तशा झडपाही नव्हत्या. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. चेतक डोळे मिटून खोलणाऱ्या कितीतरी मिस्त्रींना कॅमचं टायमिंग कधी लावावंच लागलं नाही. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि ते बदललं. हिच्या कॅमची जागा थेट हेडमध्ये. क्रँकवरच्या मॅग्नेटवरची इंग्रजी ‘टी’ झाकणावरच्या खुणेशी आणि कॅमच्या चाकावरचा गोल हेडवरच्या खाचेशी, असं एकाच वेळी जुळवायचं. ‘टी’ दर फेरीत जुळते, गोल एक फेरी सोडून.

कॅम हेडमध्ये नेण्याची कल्पना काही होंडाची नव्हे. १९१२ साली दिएपला झालेली फ्रेंच ग्रां प्री जॉर्ज ब्वाइयोने ज्या प्यूजोवर जिंकली, तिच्या इंजिनात डोक्यावर दोन कॅम आणि सिलिंडरमागे चार झडपा होत्या. पुढच्या वर्षी ज्यूल गूने प्यूजोवरच इंडियानापोलिस मारलं. मधला पुशरॉड गेला, झडपा हलक्या झाल्या, वेग वाढला. मात्र क्रँकपासून कॅम आता हातभर दूर, आणि मध्ये हेडचा सांधा. तिथवर हालचाल न्यायची कशी यावर लोकांनी काय काय केलं! उभे दांडे, चाकांच्या माळा, डब्ल्यू. ओ. बेंटलीने साडेसहा लिटरच्या गाडीत आवाज नको म्हणून तीन लांब कनेक्टिंग रॉड वापरून कॅम फिरवला. आगगाडीच्या चाकांचे दांडे असतात ना, तसे. सुंदर, महाग, आणि बाकीच्यांच्या कामाचं नसलेलं.

१९४८ साली जॅग्वारचं एक्सके इंजिन आलं तेव्हा दोन कॅम आणि दोन टप्प्यांच्या साखळ्या ही रचना रोजच्या विकाऊ गाडीत उतरली. इथे एक नवीच पंचाईत. छत्तीस दातांच्या कॅमच्या चाकाचा एक दात म्हणजे कॅमचे १० अंश आणि क्रँकचे २०. हेड घासून पातळ झालं, साखळी झिजून लांबली, तर चूक असते दोन-चार अंशांची. दात सरकवून ती जाणार कशी? जॅग्वारने कॅमच्या चाकाला काठावर बारीक दाते असलेली वेगळी तबकडी दिली. ती सोडवून, किंचित फिरवून पुन्हा बसवली की एका दाताहूनही कमी दुरुस्ती करता येते. शिवाय कॅमला एक खाच आणि तिच्यात बसणारा गेज. खूण नुसती डोळ्यांनी बघायची नाही, लोखंडाने जागेवर धरायची. हा फरक लक्षात ठेवायचा, पुढे तो सगळीकडे पसरला.

त्याआधी पट्टा. १९४०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस याने दात असलेला रबरी पट्टा तयार केला, तोही मोटारीसाठी नव्हे. सिंगर शिलाई मशीनची सुई आणि बॉबिन यांची वेळ जुळलेली राहावी म्हणून. घसरणारा पट्टा आणि न घसरणारी साखळी यांच्या मधली ही जात. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगच्या हान्स ग्लास कंपनीने १९६२ सालच्या ग्लास १००४ या गाडीत तो कॅम फिरवायला लावला. मोठ्या संख्येने बनलेली ही पहिली अशी गाडी. १९६६ साली अमेरिकेत पाँटियाकने आणि इटलीत ऑरेलियो लांप्रेदीच्या इंजिनातून फियाटने तोच मार्ग धरला. पट्ट्याला तेल नको, आवाज नाही, किंमत कमी. भारतात घराघरांत तो पोचला १९८३च्या मारुती ८००मुळे. साखळी झिजताना खळखळून सांगते. पट्टा काही सांगत नाही, तुटतो. ज्या इंजिनात उघडी झडप आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात, तिथे पट्टा तुटला की झडपा वाकल्याच. म्हणूनच टायमिंग बसवल्यावर स्टार्टर मारायच्या आधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायची रीत पडली, तीही इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच. मध्ये कुठे घट्ट अडकलं तर पाना दाबायचा नाही, परत खुणेपासून सुरुवात. दोन फेऱ्यांनंतर ठिपके पुन्हा जुळले पाहिजेत.

आणि इथेच, साखळीचं पुनरागमन झालं तेव्हा, पुष्कळांची फजिती झाली. अलीकडच्या लांब साखळ्यांत काही कड्या निळ्या किंवा पिवळ्या असतात. एक क्रँकच्या खुणेवर, बाकीच्या कॅमच्या खुणांवर बसवायच्या. सगळं जुळवून क्रँक दोनदा फिरवला की चाकांवरच्या खुणा परत जागेवर येतात, पण रंगीत कड्या भलतीकडेच असतात. साखळीत समजा १२२ कड्या आहेत आणि क्रँकच्या चाकाला १८ दात. दोन फेऱ्यांत ३६ कड्या पुढे जातात, आणि ३६च्या उड्या मारत १२२च्या वर्तुळात मूळ कडीवर परत यायला क्रँकच्या १२२ फेऱ्या लागतात. मंगळवार दर आठवड्याला येतो, संकष्टी दर महिन्याला, अंगारकी मात्र क्वचितच, तसंच हे. रंगीत कड्या फक्त बसवताना कामाच्या. नंतर बघायचं ते चाकांकडे आणि हेडकडे. हे माहीत नसलेल्याने बरोबर लागलेलं टायमिंग ‘चुकलं’ म्हणून पुन्हा खोलल्याचं गॅरेजांत ऐकायला मिळतं, आणि दुसऱ्यांदा बसवताना खरंच चुकल्याचंही.

जुना पट्टा उतरवण्याआधी व्हाइटनरने स्वतःच्या खुणा करायची पद्धतही सर्रास आहे. सोयीची आहे, पण जुना पट्टा आधीच एका दाताने चुकलेला असेल तर ती चूक इमानाने नव्या पट्ट्यावर उतरते. काही इंजिनांत तर मूळ खुणेचाच आधार काढून घेतला आहे. फोर्डच्या झेटेकसारख्या इंजिनांत कॅमच्या चाकाला चावीच नाही. चाक निमुळत्या टोकावर नुसतं घर्षणाने बसतं, आणि बोल्ट सैल असेल तर हवं तिथे फिरतं. कॅमच्या मागच्या टोकाच्या खाचेत सपाट पट्टी घालून कॅम रोखायचा, क्रँक पिनेने अडकवायचा आणि मग बोल्ट आवळायचा. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनलेल्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनांनाही कॅम रोखणाऱ्या खास पिना लागतात. जॅग्वारचा गेज असा फिरून आला, फक्त आता त्याशिवाय पर्याय नाही. यात अचूकता आहे हे कबूल, पण खुणेचा उघडा निरोप पेटीतल्या हत्यारात कोंडला गेला, आणि ती पेटी प्रत्येक मिस्त्रीकडे नसते.

दरम्यान ठिपका वाचणारा आणखी एकजण इंजिनात येऊन बसला होता. बॉशच्या मोट्रॉनिक पद्धतीने क्रँकवर ६० दातांच्या हिशेबाचं चाक रूढ केलं, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. दर सहा अंशांना एक दात. दोन दातांची पोकळी सेन्सरसमोरून गेली की संगणकाला क्रँकची जागा कळते. दोनांपैकी फेरी कुठली ते सांगायला कॅमवर वेगळा सेन्सर. ऑटोच्या वेळची तीच अडचण, तोच उपाय. दोघांच्या सांगण्यात मेळ राहिला नाही की पी ००१६ हा कोड पडतो.

स्कॅनर लावून तो कोड वाचणं सोपं. अर्थ लावणं नाही. पट्टा एक दात चुकला, साखळी लांबली, कॅमला पुढेमागे सरकवणारं तेलावरचं यंत्र अडकलं, किंवा सेन्सरची वायर कुरतडली गेली, सगळ्यांना तोच कोड. त्यात आजकालच्या कॅमच्या चाकांना वेळ बदलायची मुभाच दिलेली असते. साखळी चार अंश मागे पडली तर संगणक कॅम चार अंश पुढे घेऊन ते झाकून टाकतो, गाडी ठीक चालते, डॅशबोर्डवर दिवा नाही. सरकवायची हद्द संपली की मगच कोड येतो, तोपर्यंत साखळी बरीच झिजलेली असते. त्यामुळे नुसता सेन्सर बदलून कोड पुसून देणाऱ्या गॅरेजातून गाडी नेऊ नये. क्रँक पहिल्या सिलिंडरच्या ‘वर’ला आणून कॅमची खूण कुठे उभी आहे हे बघितलं का, आणि टेन्शनर किती बाहेर आलाय, एवढं विचारावं.